दरवाजासकट

एकशे तीन मिनिटांचा सिनेमा
ब्याऐंशी मिनिटांत बसवायचा.
उरलेल्या वेळात साबण, टायर
आणि हप्त्यांवर मिळणारी घरं.
हे माझं काम. लॉस एंजेलिसमधल्या एका चॅनेलच्या तळघरात,
पांढरे सुती मोजे घालून, सत्तावन्न साली.

मिस्टर हॅगर्टी सांगायचे, गोष्टीला धक्का लागता कामा नये.
आणि गोष्टीला धक्का न लावता निघणारा माणूस
फिरून फिरून एकच निघायचा,
ऑरिन टिबेट्स.

हॉटेलातला कारकून, किल्ली देणारा.
जहाजावरचा डॉक्टर, आधीच मान हलवणारा.
चष्मा न सापडणारा न्यायाधीश. एकदा बिशप.
तीनदा प्रेत.
त्यातल्या एका प्रेताची पापणी हलली होती,
ते फक्त मला माहीत आहे.

नायक दोन पानं बोलायचा
तेव्हा हा ऐकायचा.
नुसतं ऐकणं म्हणजे काय, ते मला
फ्रेमा मोजता मोजता कळलं.
चोविसाव्या फ्रेमला ओठ मिटलेले,
तिसाव्याला आवंढा,
मग हॅटच्या कडेवरून फिरणारं एक बोट,
बातमीची धार कुठे आहे ते चाचपणारं.
पटकथेत एवढंच असणार: कारकून ऐकतो.

इथे कापायचं, तिथे चिकटवायचं.
सांधा इतका साफ यायचा
की मलाच कधीकधी त्याचा राग यायचा.
माणसानं इतकीही कमी जागा अडवू नये.

नोव्हेंबरात पत्र आलं. ग्लेनडेलहून, निळ्या शाईत.
अक्षर शाळामास्तराचं
(शाळामास्तर तो चार वेळा झाला होता).

"महोदय,
मंगळवारी रात्री आपण दाखवलेल्या चित्रपटात
मी दार ठोठावतो. नायिका म्हणते, या.
दार उघडतं, आणि टायरची जाहिरात लागते.
जाहिरातीनंतर दार बंद आहे आणि ती रडते आहे.
तार मी आणली होती, तिचा भाऊ गेल्याची.
माझी पत्नी मायर्टल त्यासाठी
दुपारी झोप काढून जागी राहिली होती.
आपली अडचण मी समजू शकतो. वेळ थोडा असतो.
एकच विनंती. पुढच्या वेळी मला काढाल तेव्हा
दरवाजासकट काढा.
म्हणजे कुणी वाट बघत बसणार नाही."

आवाज कुठेच चढलेला नव्हता.
पत्रातही तो दुसऱ्याला उजेड सोडून
भिंतीला टेकून उभा होता.

हॅगर्टींना मी ते दाखवलं नाही.
टोपली तर केव्हाच रिकामी झाली होती.
कापलेली फिल्म वितळवून चांदी काढणारा माणूस
दर शुक्रवारी येतो, वजनावर नेतो.
तार नेली, डॉक्टरची मान नेली, ते बोटही नेलं.
किती चांदी निघाली असेल त्याची?

जानेवारीत टिबेट्सचा आणखी एक सिनेमा आला.
बर्फातला टॅक्सीवाला. सव्वा मिनिट.
मी ते ठेवलं.
सव्वा मिनिट कुठून तरी आणणं भाग होतं.
चुंबनातून अकरा सेकंद घेतले.
नायक सिगारेट पेटवतो त्यातून चौदा.
बाल्कनी, चंद्र, व्हायोलिन, मिळून वीस.
स्वप्नात घोडे दौडतात, दौडतात, दौडतात,
त्यातले तीस.
हिशोब जमला.

कुणाचंही पत्र आलं नाही.
चंद्र कमी पडल्याचं कुणाला कळलं नाही.
ग्लेनडेलहूनही काही आलं नाही,
आणि मी त्याचा अर्थ लावायचा नाही असं ठरवलं.

त्या रात्री मात्र मी घरी सेटसमोर बसले होते,
पाय गरम पाण्यात सोडून.
टॅक्सीवाला मागे वळतो.
बाईच्या चेहऱ्याकडे बघतो, विचारतो, कुठे सोडू?
ती काही बोलत नाही.
तो पुन्हा विचारत नाही.
टोपीवरचा बर्फ झटकतो
आणि थांबतो,
मीटर न पाडता.